तारीख चौथ्यांदा पुढे गेली. आता मदतीला कोणत्या तोंडानं बोलावू?

उंबरठा | रविवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आली.

आम्ही घर बदलतोय. म्हणजे गेले सहा आठवडे बदलतोच आहोत. पहिली तारीख आली तेव्हा नव्या घरातलं आधीचं कुटुंब निघालंच नव्हतं, कारण त्यांचंही पुढचं घर तयार नव्हतं. दुसऱ्या तारखेला रंग ओला. तिसऱ्या वेळी लिफ्ट बंद, आणि आमचं घर पाचव्या मजल्यावर. आज सकाळी फोन आला की न्हाणीघराच्या भिंतीतला पाइप गळतोय, फरशी उकरावी लागेल, आठ-दहा दिवस धरून चाला.

उशिराचं आता काही वाटेनासं झालंय. मला खातंय ते वेगळंच. मदतीला सहा जण ठरलेत. मामा (वय ६८, तरी 'कपाट मीच उचलणार'), धाकटे दीर आणि जाऊ, ऑफिसातले दोघे, आणि शाळेपासूनची मैत्रीण, जी मागच्या वेळी रात्रभर प्रवास करून आली आणि लिफ्ट बंद म्हणून तशीच परत गेली. भावजींनी दोनदा रजा टाकली. सगळे 'असू दे गं' म्हणतात. पण पहिल्या वेळचं 'असू दे गं' आणि तिसऱ्या वेळचं, यात फरक असतो. तो ऐकू येतो.

नवरा म्हणतो, पैसे देऊन माणसं लावू, विषय संपव. मला वाटतं, इतकं ताटकळवून आता 'तुम्ही येऊ नका' म्हणणं जास्त लागेल. तुम्ही काय केलं असतं?

घरात ४१ खोकी रचली आहेत आणि माझा वाचायचा चष्मा त्यातल्या एकात आहे.

कडीकोयंडा | रविवार, रात्री १०:२०

पहिला! रुमाल टाकून ठेवतो. एकच सांगतो: पलंगाचे बोल्ट. बाकी रात्री निवांत लिहितो.

निवांत काकू | रविवार, रात्री १०:५५

उंबरठा, आमच्या ह्यांची बदलीची नोकरी. १४ बिऱ्हाडं हलवली, त्यातली ठरल्या दिवशी फक्त तीन. विंचवाचं बरं, त्याला टेम्पोची वाट बघावी लागत नाही.

माझा अनुभव असा की माणसं उशिरावर चिडत नाहीत, शेवटच्या क्षणी कळण्यावर चिडतात. 'शनिवारी आहे हं नक्की' असं सांगून शुक्रवारी रात्री अकराला 'नाही हं' म्हणणं, हे दोनदा झालं की तिसऱ्या वेळी लोकांना नेमकं बाहेरगावी जायचं असतं. त्यामुळे चावी हातात पडल्याशिवाय मी तारीख सांगणं सोडूनच दिलं. उलट विचारायचे, 'पुढच्या पंधरवड्यात तुला कुठले दिवस अजिबात जमणार नाहीत?' नको ते दिवस लोक पटकन सांगतात. उरलेल्या दिवसांची वही माझ्याकडे. चावी आली की वही बघून फोन.

आणि सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायचा अट्टहास का? सहा माणसं एका जिन्यात मावतात कुठे?

रोखठोक | रविवार, रात्री ११:०७

मत पटणार नाही, तरी लिहितो. नवरा बरोबर बोलतोय.

विशी-पंचविशीत मित्रांना बोलावून सामान हलवणं ठीक असतं, कारण तेव्हा सामान म्हणजे एक गादी आणि दोन बॅगा. चाळिशीनंतर मित्राला फ्रिज उचलायला लावणं ही मैत्री नव्हे, मणक्यावर जुगार आहे. माझ्या एका मित्राची पाठ दुसऱ्याच कुणाचं कपाट उतरवताना गेली. तीन महिने आडवा होता. कपाटवाला भेटायला दोनदा आला.

अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, नायॉश. वजन उचलण्यासाठी त्यांचं एक सूत्र आहे, १९९१ मध्ये सुधारलेलं. त्यात सगळं अगदी आदर्श असेल, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, कंबर न वळवता, तर कमाल मर्यादा २३ किलो. जिन्यात यातलं काहीच आदर्श नसतं. मामा ६८ वर्षांचे आहेत. बास, अजून काय लिहू?

सुतळीचा तोडा | रविवार, रात्री ११:३१

रोखठोक यांच्याशी अर्धा सहमत. २३ किलोवरून आठवलं, पुस्तकं कधीही मोठ्या खोक्यात भरू नका. दिसायला पुठ्ठा एकच असतो, पण ४० सेंटिमीटर लांब-रुंद-उंच खोकं पुस्तकांनी गच्च भरलं तर पन्नास किलोच्या घरात जातं. तेच ३० सेंटिमीटरचं घेतलं तर वीसच्या आसपास. मोठ्या खोक्यात उशा, पांघरुणं, लोकरीचं.

आमच्याकडे एका हौशी चुलतभावानं सगळे शब्दकोश एकाच खोक्यात घातले होते. खोकं उचललं, तळ जागेवरच राहिला.

अर्धी चड्डी | सोमवार, सकाळी ७:४८

>> तळ जागेवरच राहिला

ऑफिसला जाताना वाचलं, शेजारचा वळून बघतोय.

तिसरा मजला | सोमवार, सकाळी ९:१५

रोखठोक, पैसे देऊन लावलेल्यांचीही बाजू ऐका. आम्ही माणसं ठरवली. ती सकाळी आठला येणार होती, दुपारी दीडला आली, कारण त्यांच्या आधीच्या घराचं काम लांबलं. उशीर तिथेही सुटत नाही. फक्त रागवायला परका माणूस मिळतो, हा फायदा म्हणा.

पण खरी गोष्ट मला मदतीला जाणाऱ्याच्या बाजूनं सांगायची आहे. एका मित्रानं बोलावलं, 'दोन तासांचं काम आहे रे'. आम्ही चौघं पोचलो. दार उघडलं तर पंखा फिरतोय, टीव्ही लागलाय, कपाटात कपडे जसेच्या तसे. एक खोकं भरलेलं नव्हतं. म्हणाला, 'तुम्ही आलात की पटापट भरू.' संध्याकाळी सातपर्यंत आम्ही त्याच्या आयुष्यातली प्रत्येक वस्तू हातात घेऊन 'हे ठेवायचं की टाकायचं?' विचारत होतो. त्याच्या कॉलेजच्या प्रेमपत्रांवर बायकोसमोर चर्चा झाली.

उंबरठाताई, तुमची ४१ खोकी तयार आहेत. तुम्ही मदत मागायच्या परीक्षेत आधीच पास आहात.

गणितवेडा | सोमवार, दुपारी १२:४०

अवांतर होतंय, पण राहवत नाही. सोफा वळणावरून कसा न्यायचा हा गणितातला नावाजलेला प्रश्न आहे. लिओ मोझर यानं १९६६ मध्ये मांडला: एक एकक रुंदीचा बोळ, मध्ये काटकोनी वळण, त्यातून सरकत जाऊ शकेल असा सर्वांत मोठ्या क्षेत्रफळाचा आकार कोणता? हॅमर्स्लीनं १९६८ मध्ये जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखा आकार सुचवला, क्षेत्रफळ २.२०७४. गर्व्हरनं १९९२ मध्ये तो जरा घासूनपुसून २.२१९५ केला. यापेक्षा मोठा आकार नाहीच, याची शंभराहून जास्त पानांची सिद्धता २०२४ मध्ये जिन-ऑन बेक या कोरियन गणितज्ञानं मांडली.

म्हणजे ५८ वर्षं. तुमचा सोफा वळणावर अर्धा तास अडकला तर वाईट वाटून घेऊ नका.

सुतळीचा तोडा | सोमवार, दुपारी १:०२

गणितज्ञांना सोफा उभा करायची परवानगी नाही, ही त्यांची अडचण. आम्ही आधी पाय काढतो, मग तीनआसनी सोफा एका टोकावर उभा करतो, पाठ वळणाच्या आतल्या बाजूला, आणि खालचं टोक आधी पुढे काढतो. नाहीच जमलं तर दाराची बिजागरी सोडवून पल्ला काढायचा. दोन-तीन सेंटिमीटर मिळतात, आणि बहुतेक वेळा तेवढेच अडलेले असतात.

अर्धी चड्डी | सोमवार, दुपारी १:१०

५८ वर्षं आणि शेवटी उत्तर काय, तर 'आधीचाच बरोबर होता'. आमच्या घरात फर्निचर लावताना हेच होतं.

पानोपानी | सोमवार, रात्री ८:२६

उंबरठा यांच्या प्रश्नाकडे येते. त्यात दोन प्रश्न मिसळलेत: उशीर का होतो, आणि लोकांना पैसे द्यावेत का.

उशिराबद्दल एक जुना प्रयोग आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला. विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळंच बिनसलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५.५. म्हणजे माणसाची सर्वांत वाईट कल्पनासुद्धा खऱ्यापेक्षा बरी असते. घर बदलताना तर रंगारी, प्लंबर, आधीचे रहिवासी, टेम्पोवाला असे पाच-सहा जण आपापले ३३.९ दिवस सांगत असतात, आणि त्यातला एक जरी चुकला तरी सगळी रांग थांबते.

पैशांबद्दल हेमन आणि एरिअली यांचा २००४ चा प्रयोग आहे, आणि गंमत म्हणजे त्यात प्रश्नच असा की एखादा विद्यार्थी व्हॅनमध्ये सोफा चढवायला कितपत मदत करेल. फुकट मागितलं तर तयारी बरीच. थोडेसे पैसे देऊ केले तर तयारी फुकटपेक्षाही कमी! पैशांऐवजी छोटी भेट दिली तर तयारी पडत नाही. पण भेटीची किंमत बोलून दाखवली की पुन्हा पडते. मित्राच्या खिशात नोटा कोंबू नये, हे आपल्या आज्यांना प्रयोग न करताच माहीत होतं.

रोखठोक | सोमवार, रात्री ८:५१

पानोपानी, एक शंका. त्या प्रयोगात सोफा कुणी उचलला का? की 'उचलेल का' एवढंच विचारलं?

पानोपानी | सोमवार, रात्री ९:०४

सोफ्याच्या भागात फक्त विचारलं. :) प्रत्यक्ष काम करून घेतलेले प्रयोग त्याच निबंधात पुढे आहेत, पण त्यात सोफा नाही.

रोखठोक | सोमवार, रात्री ९:०६

तेच म्हणतोय. कागदावरचा सोफा मीपण फुकट उचलतो.

निवांत काकू | सोमवार, रात्री ९:४०

:)) रोखठोक, तुम्ही एकदा आमच्याकडे यायला हवं होतं.

पण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, उंबरठा. सगळं यांनीच करायचं किंवा सगळं त्यांनीच, असं कुठे आहे? सातव्या बिऱ्हाडापासून मी असंच केलं: फ्रिज, कपाट, वॉशिंग मशीन पैसे घेणाऱ्यांनी. आपल्या माणसांना अशी कामं द्यायची जी परक्यावर सोपवता येत नाहीत. मुलांना दिवसभर सांभाळणं. जुन्या घरात शेवटी मागे राहून प्रत्येक कपाट, प्रत्येक माळा उघडून बघणं. नव्या घरात रात्री झोपता येईल एवढी एक खोली लावणं. माझ्या भावाला मी दर वेळी दारात उभं करायचे, खोक्यावरचा आकडा वाचून 'हे आतल्या खोलीत' सांगायला. त्याला वाटायचं, सगळं तोच चालवतोय. खरं सांगायचं तर चालवतही तोच असायचा.

नळाची चावी | मंगळवार, सकाळी १०:३३

यंत्रांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, माझा धंदाच दुरुस्तीचा.

फ्रिज आदल्या दिवशी बंद करा, बर्फ वितळू द्या, पाणी काढा, दार जरा उघडं ठेवा, नाहीतर आत कुबट वास धरतो. नेताना उभाच न्यायचा. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत शिरू शकतं. करावाच लागला तर नव्या घरी उभा करून बरेच तास तसाच राहू द्या आणि मगच चालू करा. माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं 'पोचल्या पोचल्या लावला' म्हणणारी असतात.

पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनला विकत आणताना मागच्या बाजूला मोठे बोल्ट असतात, आतलं पिंप हलू नये म्हणून. बसवताना ते काढतात. ते जपून ठेवायचे असतात आणि घर बदलताना परत लावायचे असतात. आजवर दोन गिऱ्हाइकांकडे मिळाले.

कडीकोयंडा | मंगळवार, सकाळी १०:५०

बोल्टचा विषय निघालाच आहे तर आता लिहितोच.

आम्ही घर बदललं तेव्हा पलंग मी स्वतः सोडवला. आठ बोल्ट, आठ वॉशर. प्लास्टिकच्या पिशवीत घातले, गाठ मारली, आणि 'जिथे हरवणार नाही अशा जागी' ठेवले. ती जागा इतकी सुरक्षित निघाली की मलाही सापडली नाही. बाजारात मापाचे मिळेनात, कारण पलंग जुना, आटे वेगळे. चार वर्षं आम्ही जमिनीवर गादी घालून झोपलो. पाहुणे विचारायचे, पाठीसाठी का? आम्ही हो म्हणायचो. पाचव्या वर्षी बायकोनं हिवाळ्याचे बूट काढले, डाव्या बुटात पिशवी.

तर: पिशवी त्याच फळीला चिकटपट्टीनं चिकटवा. दुसरीकडे कुठेही नाही. 'लक्षात राहील' हे वाक्य उच्चारू नका.

अर्धी चड्डी | मंगळवार, सकाळी ११:०२

चार वर्षं बूट नाही घातले?

कडीकोयंडा | मंगळवार, सकाळी ११:०५

वहिनी, तुमच्या ह्यांना आवरा.

मांजरपाट | मंगळवार, दुपारी ३:१९

कुणाकडे मांजर असेल तर नव्या घरात आधी एकाच खोलीत ठेवा, तिच्या ओळखीच्या वासाच्या चादरीसकट. सगळं घर एकदम दाखवलं की माळ्यावर जाऊन बसते आणि मग सहा माणसं सामान सोडून मांजर काढतात. मासे असतील तर आदल्या दिवशी खाणं बंद, आणि फिल्टरमधला स्पंज जुन्याच पाण्यात ओला ठेवून न्या. टाकीचं पाणी निर्मळ ठेवणारे जिवाणू त्यात असतात, नळाखाली खळखळून धुतलात तर तेच मरतात. मला हे दुसऱ्या वेळी कळलं. पहिल्या वेळचे मासे आता नाहीत.

एकटा टेम्पो | मंगळवार, रात्री ११:४४

वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं.

माझं घर बदलणं घटस्फोटानंतरचं. कुणाला सांगितलंच नाही. मदत मागायची म्हणजे आधी कारण सांगायला हवं. सामानही थोडं होतं, वाटलं एकट्यानं होईल. टेम्पो सकाळी दहाला येणार होता, चार वाजले तरी पत्ता नाही. मी जिन्याखाली खोक्यावर बसलेलो. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्याशी आठ वर्षांत गाडी लावण्यावरून भांडण सोडून दुसरं बोलणं झालं नव्हतं, ते खाली आले, शेजारच्या खोक्यावर बसले. काही विचारलं नाही. टेम्पो आला सव्वापाचला. त्यांनी चपला काढल्या, बाह्या वर केल्या आणि शेवटच्या खोक्यापर्यंत माझ्याबरोबर वरखाली केलं. निघताना म्हणाले, 'आता तिथे कुठे लावणार गाडी?'

टेम्पो दहाला आला असता तर ही भेट झालीच नसती. उंबरठा, तुमच्या सहा जणांनी चार वेळा विचारलंय ना, 'आता कधी?' मला तो फोन कुणी करावा असं फार वाटत होतं.

पानोपानी | बुधवार, सकाळी ८:१०

टेम्पो, लिहिलंत ते बरं केलंत.

रोखठोक | बुधवार, सकाळी ८:३२

+१.

(तरीही मामांनी कपाट उचलू नये.)

तिसरा मजला | बुधवार, सकाळी १०:०५

मामा या जमातीवर स्वतंत्र धागा हवा. आमचे मामा उचलत काही नाहीत, पण जिन्याच्या मधल्या चौकोनात उभे राहून 'डावीकडून, डावीकडून... माझ्या डावीकडून' करतात. कपाटाखाली असलेल्या माणसाला मामांची डावी बाजू कशी कळावी?

उंबरठा | बुधवार, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. टेम्पो, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. नवऱ्यालाही दाखवलं, तो काही न बोलता गॅलरीत जाऊन उभा राहिला.

काकू, तुमच्या वहीची कल्पना उचलली. सहाही जणांना एकेक फोन केला. निरोप पाठवून भागवलं नाही. तारीख सांगितलीच नाही. म्हटलं, पाइपचं काम चाललंय, चावी मिळाली की दोन दिवस आधी कळवीन, तुला कधी अजिबात नाही जमणार तेवढं सांग. जाऊबाई हसल्या, म्हणाल्या, 'हे पहिल्या वेळीच विचारलं असतंस तर ह्यांची रजा वाचली असती.' बरोबर आहे. मला त्या वेळी वाटत होतं की नक्की तारीख सांगणं म्हणजे समोरच्याला मान देणं.

ऑफिसातल्या एकाला आता जमणार नाही. ते सांगताना त्याला इतकं अवघडलं की मीच त्याची समजूत काढली. मैत्रीण म्हणाली, 'मी सामान हलवायला येतच नाही आता. तुझं सगळं झालं की येते, पुस्तकं लावायला. तुला नाहीतरी ती रंगाप्रमाणे लावायची घाणेरडी सवय आहे.' फोन ठेवल्यावर मी जरा रडले. थकव्यानं असेल.

आणि रोखठोक, तुम्ही जिंकलात: फ्रिज, दोन कपाटं आणि वॉशिंग मशीनसाठी माणसं ठरवली. मामांना सांगितलं, तुम्ही दारात उभं राहायचं आणि आकडे वाचायचे. त्यांनी विचारलं, 'म्हणजे सुपरव्हायझर?' म्हटलं हो.

नळाची चावी | बुधवार, रात्री १०:१५

मशीनचे बोल्ट?

उंबरठा | बुधवार, रात्री १०:१७

आहेत! पुस्तिकेच्या पाकिटात. मीसुद्धा थक्क झाले.

नळाची चावी | बुधवार, रात्री १०:१८

तिसरं गिऱ्हाईक. दंडवत.

सुतळीचा तोडा | शुक्रवार, दुपारी ४:३०

चावी मिळेपर्यंत एक करा: पहिल्या रात्रीचं खोकं वेगळं ठेवा. अंथरूण, टॉवेल, औषधं, चार्जर, कात्री, एक बल्ब, हात धुवायचा साबण. शेवटी चढवायचं म्हणजे आधी उतरतं. कात्री बाहेर ठेवायला विसरू नका. कात्री असलेलं खोकं उघडायला कात्री लागते, हे मी दातांनी शिकलोय.

निवांत काकू | पुढचा गुरुवार, सकाळी ९:००

उंबरठा, काय झालं गं? चावी?

उंबरठा | पुढचा गुरुवार, रात्री ९:२२

मिळाली! परवा, शनिवारी. वहीप्रमाणे चौघं येताहेत.

उंबरठा | शनिवार, दुपारी २:०८

टेम्पोच्या पुढच्या सीटवरून लिहितेय. साडेनऊचा टेम्पो सव्वाबाराला आला. पाऊस आहे. पण लिफ्ट चालू आहे! माणसं जड सामान चढवून मोकळी झाली. भावजींनी पलंग सोडवला, बोल्ट पिशवीत घालून फळीला चिकटवले (कडीकोयंडा, तुमचा प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवला होता). सोफा खालच्या दारात अडकला, पल्ला काढला, सुटला. भावजी म्हणाले, त्या कोरियन माणसाला कळवा.

अर्धी चड्डी | शनिवार, दुपारी २:१५

मामा?

उंबरठा | शनिवार, दुपारी २:१६

'माझ्या डावीकडून.'

उंबरठा | शनिवार, रात्री ११:३७

पोचलो. ४१ पैकी ४१ खोकी मोजून घेतली, मामांनी प्रत्येकावर खूण केली. दोन चुकीच्या खोलीत आहेत, पण त्या खोल्यांची नावं मीच बदलली होती. जावेनं झोपायची खोली लावली, मुलगी तिथेच आडवी झाली. ऑफिसातला मित्र न्हाणीघरात गेला आणि नवी फरशी दहा मिनिटं बघून आला, म्हणाला, 'हिच्यासाठी थांबलो होय?'

चष्मा २३ नंबरच्या खोक्यात निघाला.

एकच झालं. चिकटपट्टी पावसानं भिजली आणि पिशवी फळीवरून सुटली. टेम्पोत शोधलं, जिन्यात शोधलं, लिफ्टमध्ये शोधलं. भावजी बॅटरी घेऊन खाली रस्त्यावर फिरून आले. आता सगळे गेलेत आणि आम्ही दोघं जमिनीवर गादी घालून बसलोय.

कडीकोयंडा | शनिवार, रात्री ११:४१

बूट बघितले?

उंबरठा | शनिवार, रात्री ११:५८

आत्ता मामांचा फोन आला. घरी जाऊन शर्ट बदलताना खिशात काहीतरी टोचलं. म्हणाले, 'जिन्यात पडलेली दिसली, म्हटलं हरवायला नको, म्हणून नीट ठेवली.' उद्या सकाळी दहाला घेऊन येतो म्हणालेत.

कडीकोयंडा | रविवार, मध्यरात्री १२:०३

दहाला म्हणजे किती वाजता?